पावसाळी रोइंग संघ, रत्नागिरी : दोन यंत्रे, सहा माणसे

शनिवार, १ जून २०२४

आजपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असल्यामुळे संघातील तिघे खलाशी घरी आहेत आणि मिरकरवाडा बंदरात नौका एकमेकींना खेटून उभ्या आहेत. एरवी या तिघांच्या फेऱ्या कधी लागतील आणि कधी संपतील हे त्यांच्या तांडेलालाही नक्की सांगता येत नाही, त्यामुळे सहाही जण रोज संध्याकाळी एकत्र येऊ शकतील असा सलग काळ वर्षात हाच एक. भाट्ये खाडीतील सराव मात्र मेअखेरीस थांबवला आहे. काजळी नदीला पावसाचे पाणी आले की खाडीच्या मुखाशी हलकी होडी घालणे अविचाराचे ठरेल, यावर सगळ्यांचे एकमत आहे.

म्हणून हे दोन महिने व्यायामशाळेतील रोइंग यंत्रांवर काढायचे. यंत्रे दोन आहेत. एक नवे आणि एक मुंबईतील जिममधून स्वस्तात आणलेले जुने. संघात तीन खलाशी, बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलणारा एक तरुण, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आणि टपाल वाटपाच्या नोकरीत पन्नाशी ओलांडलेले एक काका. मी स्वतः यंत्रावर बसणार नाही; वेळापत्रक, मोजमाप आणि या नोंदी एवढेच माझे काम.

उद्दिष्ट असे ठरले: एकाच यंत्रावर सहा जणांनी पाळीपाळीने प्रत्येकी ५०० मीटर वल्हवून एकूण ३००० मीटर पूर्ण करायचे आणि बदलीला लागणारा वेळ धरून संघाची एकच वेळ नोंदवायची. इनडोअर रोइंगचे प्रमाण अंतर २००० मीटर आहे, हे खरे. तरीही ५०० निवडण्यामागे एक विचार आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रोइंगचा ‘बीच स्प्रिंट’ हा किनारी प्रकार प्रथमच येत आहे. त्यात वाळूवरून धावत जाऊन होडीत बसायचे, बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना, वळसे घालत २५० मीटर समुद्रात जायचे, तेवढेच परत यायचे आणि पुन्हा धावायचे असते. भाट्याची पुळण पाहणाऱ्या कोणालाही हा खेळ इथला वाटेल. ऑलिंपिक आमच्या आवाक्यात नाही, पण आपल्या किनाऱ्याला शोभणाऱ्या अंतराचा सराव करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

बुधवार, ५ जून

आजचा सगळा वेळ यंत्रांवरच गेला. दोन्ही यंत्रे कन्सेप्ट टू या अमेरिकी कंपनीची आहेत. या कंपनीचे पहिले यंत्र १९८१ साली बाजारात आले, तेव्हा त्याचे चाक म्हणजे सायकलचेच चाक होते. आजही तत्त्व तेच आहे: दांडा ओढला की साखळीने चाक फिरते, चाकाची पाती हवा कापतात आणि त्या हवेचा विरोध म्हणजेच वल्हवणाऱ्याला लागणारा जोर.

चाकाच्या बाजूला १ ते १० आकड्यांची एक कळ असते, तिला डॅम्पर म्हणतात. व्यायामशाळेत येणारा प्रत्येक धट्टाकट्टा मुलगा ती १० वर नेतो, कारण ती यंत्राची ‘अवघड पातळी’ आहे असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात ती कळ पिंजऱ्यात किती हवा शिरेल एवढेच ठरवते. दोन ओढींच्या मधल्या काळात चाक किती झपाट्याने मंदावते हे यंत्राच्या पडद्यातला संगणक मोजतो, त्यावरून ‘ड्रॅग फॅक्टर’, म्हणजे हवेच्या विरोधाचा आकडा, काढतो आणि वेग त्याच आधारावर दाखवतो. म्हणून कळ कुठेही असली तरी केलेल्या कामाचा हिशेब खरा राहतो.

आमच्या दोन यंत्रांत मात्र कळ एकाच आकड्यावर ठेवूनही ड्रॅग फॅक्टर वेगवेगळा येत होता; नव्यावर १२१, तर जुन्यावर १०४. जुन्याचा पिंजरा उघडल्यावर जाळीवर धुळीचा आणि कापसासारख्या तंतूंचा थर निघाला. तो काढल्यावर आकडा ११६ पर्यंत चढला. उरलेला फरक कळीने जुळवायचा आणि प्रत्येक सरावाआधी ड्रॅग फॅक्टर पाहूनच बसायचे, असा नियम केला. उष्ण आणि दमट हवा कोरड्या थंड हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे इथे डिसेंबरात जो आकडा येईल तो जूनमध्ये त्याच कळीवर येणार नाही, ही गोष्टही लक्षात ठेवावी लागेल.

खारी हवा हा इथला खरा शत्रू. बसक जिच्यावर पुढे-मागे सरकते ती पट्टी रोज संध्याकाळी पुसायची आणि साखळीला साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर तेल द्यायचे, अशी शिफारस आहे. आमच्याकडे ती मुदत निम्मी धरली आहे.

बुधवार, १२ जून

तंत्राचा आठवडा. ओढीचे चार भाग असतात: पुढे सरकून दांडा ‘पकडणे’, पायांनी रेटणे, शेवटी हात पोटाशी आणणे आणि परत पुढे जाणे. जोराचा मोठा वाटा पायांचा, त्यानंतर कंबर आणि पाठ, आणि हातांचा सर्वांत कमी. क्रम पाय, पाठ, हात असा. परतताना नेमका उलटा.

गंमत अशी की तिघा खलाशांना हा क्रम सर्वांत जड गेला. लहानपणापासून त्यांनी होडक्यात उभे राहून, पुढे तोंड करून, खांद्याने वल्हे ढकलले आहे, आणि यंत्रावर पाठमोरे बसून पायांनी रेटायचे असते. साहजिकच त्यांचे हात आधी वाकतात आणि पाय रिकामेच सरळ होतात. कॉलेजातील मुलीने मात्र पूर्वी कधी वल्हे हातात धरलेले नसल्यामुळे क्रम पहिल्याच दिवशी उचलला. या संदर्भात दत्तू भोकनळ यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीसारख्या पाण्याची वानवा असलेल्या गावातून आलेल्या या माणसाने सैन्यात गेल्यावर वल्हे हाती घेतले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये (प्रत्येक हातात एक वल्हे घेऊन वल्हवण्याचा प्रकार) तेरावा क्रमांक मिळवला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये सुवर्णपदक जिंकले. पाण्याशी जन्माची ओळख असणे उपयोगाचे असेल, पण या विशिष्ट हालचालीसाठी ती आधी काहीशी विसरावी लागते.

उपाय म्हणून पायांचे पट्टे सोडून सराव सुरू केला. पट्टा नसला की शेवटी मागे झोकून देणारा माणूस बसकेवरून मागे घसरू लागतो, त्यामुळे शरीर आपोआप आवरते. वेगळे सांगावे लागत नाही.

रविवार, १६ जून

पायाभूत चाचणी झाली. प्रत्येकाने ताजेतवाने असताना एकदा ५०० मीटर पूर्ण जोराने वल्हवले. वेळा अशा: बर्फ कारखान्यातील तरुण १:४०, खलाशी अनुक्रमे १:४७, १:५० आणि १:५६, कॉलेजातील मुलगी २:०१, टपालकाका २:२०. एकूण बेरीज ११ मिनिटे ३४ सेकंद.

संध्याकाळी घरी बसून आकडेमोड केली आणि त्यातून जे निघाले त्यावर पुढील सहा आठवड्यांचे सगळे नियोजन उभे आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

यंत्र वेग आणि शक्ती यांचे नाते घनाच्या हिशेबाने मांडते. एक मीटर पार करण्यास लागलेल्या सेकंदांचा घन करून त्याने २.८ ला भागले की वॉट मिळतात. ५०० मीटरला १:४० म्हणजे मीटरला ०.२ सेकंद, म्हणजेच ३५० वॉट. २:२० म्हणजे मीटरला ०.२८ सेकंद, म्हणजे सुमारे १२८ वॉट. आता समजा की दोघांनीही आपली शक्ती दहा वॉटनी वाढवली. बर्फवाल्या तरुणाचे ३६० वॉट झाले तर त्याची वेळ सुमारे ९९ सेकंद येईल. सुधारणा एक सेकंदाचीही नाही. काकांचे १३८ वॉट झाले तर त्यांची वेळ सुमारे १३६.५ सेकंद येईल. सुधारणा साडेतीन सेकंदांची. तेच दहा वॉट, पण संघाच्या वेळेवर परिणाम जवळजवळ चौपट.

होडीत असे नसते. होडीत सगळ्यांची शक्ती एकाच सांगाड्याला लागते आणि कोणते दहा वॉट कोणाचे हे पाण्याला कळत नाही. पाळीपाळीने वल्हवण्यात मात्र प्रत्येकाच्या वेळांची बेरीज होते, आणि सर्वांत संथ माणूस सर्वांत जास्त काळ यंत्रावर बसलेला असतो, म्हणून त्याच्या सुधारणेला काम करायला सर्वांत जास्त अवधी मिळतो. शिवाय ३५० वॉटवरच्या तरुणाला आणखी दहा वॉट मिळवणे कष्टाचे आहे, तर काकांना ते केवळ तंत्रातूनही मिळण्याजोगे आहेत. ते मिनिटाला ३४ वेळा दांडा ओढतात आणि निम्म्या वेळा बसकही पुरती पुढे सरकत नाही. आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटल्यामुळे त्यांचा दम उत्तम आहे. आखूड ओढीमुळे तो वाया जातो.

निष्कर्ष: दोन यंत्रांचा संध्याकाळचा वेळ सहा जणांत समान वाटायचा नाही. काका आणि कॉलेजातील मुलगी यांना सर्वाधिक, बर्फवाल्या तरुणाला सर्वांत कमी.

रविवार, २३ जून

वाटणीवर अपेक्षेप्रमाणे वाद झाला. तरुणाचे म्हणणे सरळ होते: “सर, सगळ्यात जोरात मी ओढतो आणि मलाच सगळ्यात कमी बसायला मिळतं, हे कुठल्या न्यायाने?” त्याला आकडे दाखवले. आकडे पटले, पण मन पटले नाही, आणि मला त्यात त्याची चूक वाटत नाही. संघासाठी खेळायचे म्हणजे स्वतःची वेळ सुधारायची, अशीच सगळ्या खेळाडूंची सवय असते.

तोडगा काकांनी सुचवला. तरुणाने शेजारच्या यंत्रावर बसून मिनिटाला फक्त वीस ओढी घ्यायच्या आणि काकांनी त्याच्या चाकाच्या आवाजाशी आपला आवाज जुळवायचा. त्यामुळे काकांना लांब ओढीची लय मिळते. तरुणाला वीस मिनिटे मंद गतीने वल्हवावे लागते आणि त्यातून त्याचा दम वाढतो. त्याला खरी गरज त्याचीच आहे, कारण शेवटच्या शंभर मीटरमध्ये तो हमखास ढेपाळतो. दोन चाके एका वेळी घरघरू लागली की खोलीत एकच आवाज राहतो, आणि जुळले नाही तर ते बाहेर पडवीतल्या माणसालाही कळते. वेगळ्या मापकाची गरजच नाही.

काकांची ओढींची गती ३४ वरून २४ वर आली आहे. वेग तेवढाच आहे. म्हणजे प्रत्येक ओढ पूर्वीपेक्षा चाळीस टक्क्यांनी अधिक काम करते.

बुधवार, ३ जुलै

दिवसभर झड. संध्याकाळी वीज गेली ती सराव संपेपर्यंत आली नाही. यंत्राला विजेची जोडणी लागत नाही. पडदा बॅटरीवर आणि वल्हवताना चाकातून मिळणाऱ्या विजेवर चालतो, त्यामुळे कंदील लावून सराव झाला. अडचण उकाड्याची. छतावरचे पंखे बंद असताना दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्याच वेगाला नाडी नेहमीपेक्षा बरीच वर जाते. अशा दिवशी वेळा नोंदवायच्या नाहीत असे ठरवले. सगळ्यांना मीठ घातलेले कोकम सरबत दिले.

बुधवार, १० जुलै

मधल्या खलाशाची कंबर दुखू लागल्यामुळे त्याला चार दिवस विश्रांती. रोइंगमध्ये सर्वांत जास्त दुखापती कंबरेच्याच होतात. त्याच्या दुखण्याचे कारण उघड आहे: दमल्यावर तो पुढे सरकताना कमरेतून वाकण्याऐवजी पाठीचा कणा गोल करतो आणि त्याच स्थितीत जोर लावतो. परतल्यावर त्याला सुरुवातीला दहा मिनिटांहून अधिक सलग बसवायचे नाही.

कॉलेजातील मुलीने आज वजनाचा प्रश्न काढला. तिचे म्हणणे, यंत्रावर वजनदार माणसाला फुकटचा फायदा मिळतो. म्हणणे बरोबर आहे, कारण यंत्रावर शरीराचा भार पट्टी उचलते, तर पाण्यात तोच भार होडीला खाली दाबतो आणि पाण्याचा विरोध वाढवतो. कंपनीनेच यासाठी एक सूत्र दिले आहे: पौंडातील वजनाला २७० ने भागून त्याचा ०.२२२ वा घात घ्यायचा आणि त्याने वेळेला गुणायचे. त्या हिशेबाने ६० किलोच्या व्यक्तीने २००० मीटर आठ मिनिटांत पूर्ण करणे आणि ८० किलोच्या व्यक्तीने साडेसात मिनिटांत पूर्ण करणे, ही कामगिरी एकाच तोलाची ठरते. आमच्या चाचणीत सुधारित वेळ धरायची नाही, पण खाडीतील होडीसाठी निवड करताना हाच आकडा पाहिला जाईल, असे तिला सांगितले. तिचे समाधान झालेले दिसले. बर्फवाल्याचे झालेले दिसले नाही.

बुधवार, १७ जुलै

आषाढी एकादशी. निम्म्या संघाचा उपवास, म्हणून फक्त मंद गतीचा अर्धा तास. साखळ्यांना तेल दिले. नव्या यंत्राच्या पट्टीच्या स्क्रूवर गंजाचे ठिपके दिसू लागले आहेत.

रविवार, २१ जुलै

रंगीत तालीम. एकूण वेळ १२ मिनिटे १२ सेकंद. त्यातील जवळजवळ पन्नास सेकंद पाच बदल्यांत गेले, हे आजचे मुख्य निरीक्षण. सहा आठवडे घाम गाळून मिळवलेले सेकंद दोन पट्टे सोडण्या-बांधण्यात घालवणे परवडणारे नाही.

पुढच्या वेळी कोणीही पट्टे बांधणार नाही. पाय टेकवण्याच्या फळीच्या दोन्ही बाजूंना एकेक जण बसून वल्हवणाऱ्याची पावले हातांनी दाबून धरेल. उतरणारा डावीकडे घरंगळेल, चढणारा उजवीकडून येईल आणि दांडा हातोहात जाईल, तो जागेवर ठेवायचा नाही. पट्ट्यांशिवायचा जूनमधला सराव इथे अनायासे उपयोगी पडतो. पावले धरणाऱ्यांना वल्हवणाऱ्याच्या गुडघ्यांपासून तोंड लांब ठेवण्याची सूचना आजच्या एका प्रसंगामुळे द्यावी लागली.

दुसरा प्रश्न ड्रॅग फॅक्टरचा. बदलीत कळ हलवायला वेळ नसल्याने सहा जणांना एकच आकडा हवा. तिघे बलदंड १२५ मागतात, काका आणि मुलगी यांना १०५ सोयीचा वाटतो. मधला ११५ घ्यावा असे सर्वांना सुचले. माझा निर्णय ११०. जड चाकाने संथ माणसाचे जेवढे सेकंद जातील, तेवढे हलक्या चाकाने बलवानाचे जाणार नाहीत, कारण तो ओढींची गती वाढवून तूट भरून काढू शकतो. १६ जूनची आकडेमोड इथेही लागू पडते.

रविवार, २८ जुलै

चाचणी दुपारनंतर घेतली, कारण सगळ्यांना आधी पॅरिस ऑलिंपिकमधील भारताचे रोइंगपटू बलराज पंवार यांची शर्यत मोबाइलवर पाहायची होती. काल हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक शर्यतीत, चौथे आलेले पंवार आज रेपेचाजमध्ये, म्हणजे मागे राहिलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीच्या शर्यतीत, दुसरे आले आणि उपांत्यपूर्व फेरीत गेले. खलाशांपैकी वयाने सर्वांत मोठा असलेल्याने शर्यतभर फक्त त्यांच्या पायांकडे पाहिले आणि संपल्यावर एवढेच म्हणाला की हा हात शेवटी वाकवतो.

वैयक्तिक ५०० मीटरच्या वेळा शुक्रवारी घेतल्या होत्या: १:३९, १:४६, १:४९, १:५४, १:५८ आणि काकांचे २:१०. बेरीज ११:१६, म्हणजे जूनपेक्षा १८ सेकंदांनी कमी, आणि त्यातील दहा सेकंद एकट्या काकांचे. त्यांची शक्ती साधारण १२८ वरून १५९ वॉटवर गेली. बर्फवाल्या तरुणाने सुमारे अकरा वॉट वाढवले आणि त्याला त्याबदल्यात एक सेकंद मिळाला. हा तक्ता मी भिंतीवर लावला, तेव्हा तो बराच वेळ त्याच्यासमोर उभा होता.

आजची सामूहिक वेळ ११ मिनिटे ४६ सेकंद. बदल्या सरासरी सहा सेकंदांवर आल्या. काकांना तिसऱ्या क्रमांकावर ठेवले होते. सुरुवातीचा गोंधळ आणि शेवटची घाई या दोन्हींपासून ते दूर राहावेत म्हणून. कॉलेजातील मुलगी पाचवी. शेवटी बर्फवाला आणि त्याचे शेवटचे शंभर मीटर या वेळी ढेपाळले नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली बदली अजूनही ढिली आहे, तिथे दोन सेकंद निघू शकतात.

बुधवार, ३१ जुलै

आज मध्यरात्री बंदी संपते. हवामान अनुकूल राहिले तर दोन खलाशी लगेच ट्रॉलरवर जातील. तिसऱ्याचे कुटुंब नारळी पौर्णिमेला, म्हणजे १९ ऑगस्टला, नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाही, म्हणून तो आणखी तीन आठवडे उपलब्ध आहे.

ऑगस्टचे वेळापत्रक चौघांसाठी बदलले. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक दिवशी मंद गतीची तीस मिनिटे आणि एकच दिवस ५०० मीटरचे तुकडे. बोटीवर असणाऱ्या दोघांनी यंत्राशिवाय काय करायचे, याचा आराखडा त्यांना लिहून दिला. त्यात उठाबशा आणि कंबरेचे व्यायाम आहेत, जाळे ओढण्याचे काम मोजलेले नाही, कारण ते त्यांना तसेही चुकणार नाही. यंत्राच्या वेळेची वाटणी पूर्वीच्याच तत्त्वाने राहील. आता सर्वांत संथ काका असले तरी त्यांच्या आणि मुलीच्या वेळेतील अंतर १९ सेकंदांवरून १२ वर आले आहे, तेव्हा दोघांना समान वेळ द्यावा, अशी बर्फवाल्या तरुणानेच सूचना केली. ती मान्य केली. जुन्या यंत्राची साखळी बदलण्यासाठी मंडळाकडे खर्चाचा अर्ज दिला आहे.